आमची वाटचाल : भुसावळचे लकवा पुनर्वसन केंद्र

पक्षाघाताच्या रुग्णाला पुन्हा उभे करण्याचे काम करणारे आमचे केंद्र भुसावळात २०११ साली सुरू झाले, आणि ते आजही त्याच तळमजल्यावर, रुंद दारांच्या त्याच दोन खोल्यांत चालू आहे. स्थानकाजवळची जागा विचार करून घेतली होती. रावेर, निंभोरा, सावदा, बोदवड आणि पलीकडे पाचोरा, चाळीसगावपर्यंतचे लोक गाडीने येतात, आणि अर्धे अंग लुळे पडलेल्या माणसाला डब्यातल्या बाकावर निदान आडवे तरी करता येते. तळमजल्याचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. लकव्यावर उपचार देण्याचा दावा करणाऱ्या किती जागा आपल्या जिल्ह्यात वरच्या मजल्यांवर आहेत हे पाहिले, की मला आजही संताप येतो.

सुरुवातीला लोक मला ‘मालिशवाल्या बाई’ म्हणत. फिजिओथेरपीचा साडेचार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, शरीरशास्त्राच्या टेबलावर एकेक स्नायू ओळखून शिकलेली विद्या आणि रुग्णालयातील उमेदवारी यांची त्या हाकेत काहीच नोंद नसे. घरी गेले की वडीलधारी मंडळी तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवीत. तपासायला घेतलेल्या हातावर, उपाय म्हणून चोळलेले कबुतराचे रक्त वाळलेले मी अनेकदा पाहिले आहे. राजस्थानातील बुटाटीच्या देवस्थानाला, लकवा बरा होतो या श्रद्धेने, सात दिवस प्रदक्षिणा घालून आलेले रुग्णही येत, आणि त्यांचा मी कधी अवमान केला नाही. श्रद्धा ज्याची त्याची. माझे दुःख एवढेच, की मेंदू शिकायला सर्वांत तयार असतो तेच पहिले आठवडे प्रवासात आणि चोळण्यात निघून जातात. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. उरलेला भाग त्याचे काम शिकतो, आणि तो शिकतो तो रुग्णाने स्वतः, स्वतःच्या प्रयत्नाने, पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालीतून. दुसऱ्याने चोळलेला हात त्याला फारसे काही शिकवत नाही.

भांडवल थोडे होते, म्हणून साधने निवडून घेतली. समांतर दांड्या येथील वेल्डिंगच्या कारखान्यात लोखंडी नळ्यांच्या करून घेतल्या आणि त्यांची उंची खिळी बदलून कमीजास्त करता येईल अशी ठेवली, कारण दांडी उंच झाली की रुग्ण खांदे उचलून लोंबकळतो आणि पायावर भार घेतच नाही. दांड्यांच्या टोकाला पूर्ण उंचीचा आरसा लावला. जमिनीपासून खुर्चीइतक्या उंचीचा रुंद लाकडी मंच केला. चालवताना धरण्यासाठी तयार पट्टा महाग पडत होता, तेव्हा पलंगाची जाड नवार दुहेरी शिवून चर्मकाराकडून बक्कल बसवून घेतले. त्या पट्ट्यांतला एक अजून वापरात आहे. कर्ज काढून घेतलेली एकच मोठी वस्तू म्हणजे टिल्ट टेबल. बरेच दिवस अंथरुणावर असलेल्या माणसाला एकदम उभे केले तर रक्तदाब घसरून भोवळ येते. या टेबलावर पट्ट्यांनी बांधून त्याला थोड्या थोड्या अंशांनी उभे करता येते. पाय जमिनीला लागल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, तो पाहण्यासाठी मी ते कर्ज पुन्हा काढीन.

केंद्रातील सरावाच्या पायऱ्या आणि बोटांच्या सरावासाठीच्या खुंट्यांच्या पाट्या मात्र आबांनी केल्या, आणि आबांबद्दल सविस्तर लिहिलेच पाहिजे. ते मूळचे अमळनेरकडचे, रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात सुतार म्हणून आयुष्य काढलेले. निवृत्तीनंतर त्यांच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली आणि डावी बाजू गेली. उजव्या मेंदूच्या आघातात पुष्कळदा जे होते ते त्यांच्यात पुरेपूर होते: डावीकडचे जगच त्यांच्या लेखी उरले नव्हते. ताटाच्या उजव्या अर्ध्यातले जेवत, उजव्याच गालाची दाढी करीत, आणि डावा हात उचलून त्यांच्यापुढे धरला तर शांतपणे सांगत, “ताई, हाऊ हात मना नही.” (हा हात माझा नाही.) वडिलांना वेड लागले, असे मुलाला वाटत होते. ही बुद्धीची नव्हे, लक्षाची इजा आहे हे समजावून सांगितल्यावर त्या मुलाने जी साथ दिली ती मी विसरलेले नाही. खाटेची दिशा बदलून घरातील माणसे, दार आणि पाण्याचा तांब्या आबांच्या डाव्या हाताला येतील असे केले. ताटाच्या डाव्या कडेला लाल फीत चिकटवली आणि ती दिसल्याशिवाय घास घ्यायचा नाही असा नियम केला.

आरशाचा उपचारही तेव्हा घरगुती साहित्यावर उभा केला. हात कापलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाची पेटी वापरली, आणि पुढे ती कल्पना पक्षाघाताकडे वळली. आरसा मधोमध उभा ठेवून डावा हात त्यामागे झाकायचा. उजवा हात हलला की आरशात डावाच हलताना दिसतो. आबा त्या आरशाकडे टक लावून पाहत, आणि काही आठवड्यांनी आरशामागचा अंगठा खरोखर हलला.

त्यानंतर मी त्यांच्यापुढे चेंडू आणि डबे ठेवले नाहीत, रंधा ठेवला. रंधा मारताना मागच्या हाताने ढकलावे लागते, पुढच्या हाताने दाबून धरावे लागते, आणि संपूर्ण शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्यावा लागतो. उभे राहण्याचा तोल, लुळ्या हातावर भार आणि दोन्ही हातांचे एकत्र काम हे तिन्ही व्यायाम त्या एका हालचालीत आहेत, आणि ती हालचाल त्यांच्या अंगात आयुष्यभर मुरलेली होती. सुरुवातीला डावा हात नवारीच्या पट्टीने रंध्याला बांधला, पुढे बांधण्याची गरज उरली नाही. बोटांची बारीक हालचाल पूर्ण परत आली नाही. बारीक खिळा त्यांना डाव्या हाताने शेवटपर्यंत धरता आला नाही, त्यासाठी ते शिकंजा वापरत. पण आमच्या सरावाच्या पायऱ्या त्यांनी त्या दोन हातांनीच केल्या, लाकडाचेही पैसे घेतले नाहीत, आणि स्वतःचे उपचारशुल्क मात्र दर महिन्याला हातात ठेवले.

२०१५ च्या सुमारास आमच्याच रस्त्यावर, नव्या व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर दुसरे केंद्र निघाले. त्याचे नाव मी घेणार नाही. काचेचे दार, वातानुकूलित दालन, रुग्णाला पट्ट्यांनी वरून टांगून चालवणारे ट्रेडमिल, आणि फलकावर ‘एकवीस दिवसांत लकवा बरा’ असे वचन. आमच्या क्षेत्रातील कोणालाही ठाऊक आहे, की मेंदूची सूज उतरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही सुधारणा आपोआप होते. त्या सुधारणेचे श्रेय यंत्राला देऊन एकवीस दिवसांचे पैसे आगाऊ घेतले जात, आणि पाय गोल फिरवून टाकत कसाबसा चालणारा माणूस ‘बरा झाला’ म्हणून घरी धाडला जाई. भारनियमनात लिफ्ट बंद पडली की त्याच माणसाला नातेवाईक बगलेत हात घालून तीन मजले उतरवीत.

तेवढ्याने आमचे काही बिघडले नसते. खरा घाव कटचा, म्हणजे कमिशनचा होता. रुग्ण पाठवणाऱ्याला त्या पॅकेजमधील ठरावीक हिस्सा पोहोचत असे. तसाच प्रस्ताव एका रुग्णालयातून माझ्याकडेही आला होता आणि मी तो स्पष्ट नाकारला होता, कारण तो हिस्सा शेवटी केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या माणसाच्या खिशातून जातो. माझ्या नकारानंतर डॉक्टरांच्या ज्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षे आमच्याकडे येत होत्या त्या एका महिन्यात थांबल्या. पाठोपाठ, माझ्या हाताखाली तयार झालेला सहकारी त्या केंद्रात गेला. खांद्याच्या पात्याखाली तळवा कसा ठेवायचा, पडणाऱ्या रुग्णाचा गुडघा आपल्या गुडघ्याने कसा अडवायचा हे सारे मी त्याला हाताला हात लावून शिकवले होते. जाताना त्याने एका दिवसाचीही पूर्वसूचना दिली नाही, आणि आमच्या रुग्णांचे दूरध्वनी क्रमांक मात्र त्याच्याबरोबर गेले. ही गोष्ट मी आजही माफ केलेली नाही.

ते वर्ष आठवले की अजून घशाशी येते. सकाळच्या वेळी मंच रिकामा, टिल्ट टेबलचा हप्ता थकलेला, घरमालक दारात. डायथर्मीचे, म्हणजे खोलवर शेक देण्याचे यंत्र विकले. आईने दिलेल्या पाटल्या जळगावच्या सराफ बाजारात गहाण ठेवल्या. केंद्र बंद करून त्या जागेत वजन घटवण्याचे वर्ग सुरू करावेत, असा सल्ला घरच्यांनी प्रेमापोटीच दिला. मी तो ऐकला नाही. मदतनीस मावशींचा पगार एकदाही चुकू दिला नाही, याचा मला सर्वांत अधिक अभिमान आहे. आबा त्या काळात उपचारांची गरज संपलेली असूनही रोज येत, मंचाचे सांधे घट्ट करीत, आणि दारात कोणी नवीन आले की त्याला स्वतःच्या हातचा रंधा चालवून दाखवीत.

रुग्ण केंद्रात येईनात, तेव्हा मी स्कूटरवरून वरणगाव, साकेगाव, फैजपूरकडे जाऊ लागले. घरोघरी झोळ पडलेल्या बाजेवर रुग्ण निजवलेला असे. त्या झोळात पाठ वाकते, पावले खाली लोंबतात आणि टाच आखडते. पहिले काम म्हणजे बाजेवर फळी टाकणे. साधने तेथेच मिळत. बोटांसाठी बोंडातून कापूस वेचणे, दोन्ही हातांसाठी परातीत कळण्याच्या भाकरीचे पीठ मळणे, तोलासाठी उभ्याने फडताळातले डबे खालीवर करणे. या काळात मला आधार दिला तो एका शोधनिबंधाने. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतील ४०८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली होती. काहींना पट्ट्यांनी वजन तोलून ट्रेडमिलवर चालवले, तर काहींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाअखेरीस एकूण ५२ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता वरच्या पातळीवर गेली होती, आणि गटागटांत फरक नव्हता. त्या निबंधाची प्रत मी पर्समध्ये ठेवत असे आणि शहरातील डॉक्टरांना भेटून दाखवत असे. बहुतेकांनी चहा पाजून निरोप दिला. थोड्यांनी वाचली, आणि त्यांनी पुन्हा चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली.

बाकीचे काम खांद्यांनी केले. त्या केंद्रातून एकवीस दिवस पुरे केलेले रुग्ण चौथ्या-पाचव्या महिन्यात आमच्याकडे येऊ लागले ते निसटलेला, रात्री झोपू न देणारा खांदा घेऊन. लुळ्या हाताचे वजन पेलायला स्नायू नसतात, सांध्याची खोबण उथळ असते, आणि अशा हाताला दोरी-कप्पीने डोक्यावर ओढायला लावले तर आतले पडदे चिमटतात. पक्षाघाताच्या खांद्याला कप्पी देऊ नये हे आमच्या विद्येत जुने ज्ञान आहे. ते खांदे सावकाश निवळले, आणि त्या घरांनी गावोगाव आमचे नाव नेले. पाटल्या सुटल्या. पुढची वर्षे सुरळीत गेली. तो फलक अजून तिथेच आहे.

ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांना काही सांगणे माझे कर्तव्य आहे. तोंड वाकडे झाले, बोलणे जड झाले किंवा एक हात गळून पडला, तर अंगारा-तेल बाजूला ठेवून सिटीस्कॅन असलेले रुग्णालय गाठा. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात पाणीही घालू नका. पहिल्या चोवीस तासांत खूप चालवण्याचा हट्ट धरू नका. २०१५ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत अशा घाईने परिणाम उलट बिघडल्याचे दिसले. उठवताना लुळा हात ओढू नका, कमरेला धरा. मनगट आणि बोटे थोडी तरी उघडू लागली असतील, तर चांगल्या हातात मोजा घालून दुबळ्या हातालाच कामाला लावण्याची पद्धत आहे, पण ती थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा. आणि चालता येऊ लागले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या सोडू नका. दुसऱ्या झटक्यानंतर आमच्याकडे परत आलेल्यांत अशा गोळ्या सोडलेल्यांची संख्या फार मोठी आहे.

नव्याने केंद्र काढणारी तरुण मंडळी माझ्याकडे यंत्रांची यादी मागतात. मी त्यांना आबांच्या पायऱ्यांची मापे देते, आणि येथेही लिहून ठेवते. एका बाजूच्या पायऱ्या चार इंच उंचीच्या, दुसऱ्या बाजूच्या सहा इंचांच्या, मध्ये माणूस वळू शकेल एवढा चौथरा. पाऊल ठेवण्याची खोली किमान अकरा इंच, रुंदी अडीच फूट, आणि कठडा दोन्ही बाजूंना हवाच, कारण उतरताना दुबळी बाजू बदलत नाही, फक्त कठड्याची बाजू बदलते. सागवान परवडत नसेल तर सुकवलेली बाभूळ चालते. पॉलिश करू नये, पाय घसरतो. त्याऐवजी प्रत्येक पायरीवर रबराची चटई लावावी, ती खिळ्यांनी नव्हे तर स्क्रूने बसवावी आणि स्क्रूची डोकी लाकडात बुडवावीत, कारण आपल्या रुग्णाच्या तळव्याला टोचलेले कळत नाही.