पार मीटर हाती येईपर्यंत पार वाट लागली

समुद्री टाकीचं, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचं, बाकी सगळं सुरळीत झालं. मीठ, खडक, वाळू, पाण्यातली घाण फेसासोबत काढणारा स्किमर... टाकी सायकल व्हायला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू रुजायला, लागलेले सहा आठवडेही कसे गेले ते कळलं नाही. अडलो तो लाईटपाशी, आणि असा अडलो की अजूनही विषय निघाला की माझा आवाज चढतो.

टाकी तीन फुटी, वीस इंच खोल. ठेवायची होती ती साधीच कोरल, म्हणजे प्रवाळ: मशरूम, झोअँथिड, एखादं लेदर आणि कधीपासून मनात भरलेलं एक हॅमर कोरल. नळ्या की एलईडी, हे एका संध्याकाळीच ठरलं. टी-फाइव्ह नळ्यांचा उजेड टाकीभर सारखा पसरतो, सावल्या कमी पडतात, हे खरं आहे. पण त्या साधारण वर्षभरात बदलाव्या लागतात, आणि डोळ्यांना लख्ख दिसल्या तरी त्यांचा जोर उतरलेला असतो. मेटल हॅलाइड दिवा पाणी तापवतो, म्हणून तोही बाद. एलईडी ठरला.

कोणता एलईडी, इथे गाडी रुतली.

कोरलच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं. या शैवालाला कामाचा असलेला, ४०० ते ७०० नॅनोमीटर पट्ट्यातला प्रकाश नेमका किती पोचतो, त्याचं माप म्हणजे पार. एकक लांबलचक आहे, मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. बोलताना सगळे नुसता आकडा सांगतात. मशरूमसारख्या मऊ कोरलना ५० ते १०० पुरतं, हॅमरच्या जातीला १०० च्या आगेमागे, आणि अक्रोपोरासारख्या नखरेलांना २०० ते ३५०. एवढं वाचून मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला: हा लाईट पाण्यावर आठ इंचांवर टांगला, तर वीस इंच खाली किती पार मिळेल?

उत्तर आलं, "सर, १६५ वॅट आहे."

मी म्हटलं, वॅट म्हणजे तो वीज किती खातो ते झालं. कोरलपर्यंत किती पोचतं? "सर, सगळी कोरल वाढतात." पुन्हा विचारलं. एक रंगीत आलेख आला, निळा डोंगर आणि बाजूला लाल टेकडी, त्यावर ना अंतर ना खोली. चौथ्यांदा विचारलं तेव्हा "५००+" असा आकडा आला. कुठे मोजला? हवेत की पाण्यात? दिव्याला सेन्सर चिकटवून? यावर शांतता. असे तीन आठवडे गेले आणि शेवटी कंटाळून मी तोच लाईट घेतला. हा माझा मूर्खपणा, त्याचं खापर मी विक्रेत्यावर फोडणार नाही. थोडंसंच फोडेन.

लाईट साठ टक्क्यांवर लावला. टाकी अंधुक, निळसर दिसत होती. दहाव्या दिवशी हॅमर फिकट पडायला लागलं, मशरूम आक्रसून बटणाएवढी झाली. मला वाटलं, बिचाऱ्यांना उजेड पुरत नाहीये. फोनमधल्या लक्स मीटरनेही आकडा इतकासा दाखवला. केला लाईट शंभर टक्के! आठवड्यात हॅमर जवळजवळ पांढरं पडलं आणि लेदरने तोंडच मिटलं.

लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो आणि ४५० च्या निळ्याला फारशी किंमत देत नाही. रीफच्या, म्हणजे कोरलच्या टाकीच्या, लाईटमध्ये भर असतो नेमका त्याच निळ्यावर, कारण समुद्रात लाल आधी विरतो आणि निळा खोलवर पोचतो. म्हणजे मला जे अंधुक दिसत होतं, ते कोरलला भर दुपारचं ऊन होतं. फिकेपणाचा अर्थही मी उलटा लावला होता. उजेड कमी पडला की कोरल शैवाल वाढवतं आणि बहुधा तपकिरी होतं. जास्त झाला की शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. (पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर आलं तरी फिकेपणा येतो, म्हणून आधी ते तपासा. मी तपासलं होतं.)

शेवटी एका मित्राकडे पार मीटर निघाला. तो म्हणाला, "अरे, आधी का नाही मागितलास?" मला काय माहीत, असली वस्तू कुणाच्या कपाटात पडलेली असते! मागताना एवढं पाहा, मीटर पाण्याखाली चालणारा आणि नवा हवा; काही जुने सेन्सर निळा प्रकाश कमीच मोजतात.

आकडे असे निघाले: खडकाच्या माथ्यावर ३९०, मधल्या वाळूवर २१०, कोपऱ्यात ५५. मशरूम २१० मध्ये बसली होती, आणि मी त्यांना आणखी ऊन देत होतो.

मग कामं भराभर झाली. लाईट आठवरून बारा इंचांवर उचलला, त्यामुळे उजेड पसरला आणि मधला जाळ कमी झाला. ताकद चाळीस टक्क्यांवर आणली. मशरूम कोपऱ्यात गेली, हॅमर वाळूवर शंभराच्या जागी. दोन आठवडे काहीही हलवलं नाही, आणि हेच सगळ्यांत अवघड गेलं. त्यानंतर आठवड्याला फार तर पाच टक्के वाढ. पूर्ण उजेड रोज आठ तास, टायमरवर. हाताने लावाल तर एखाद्या रविवारी बारा तास होतात आणि काचेवर शेवाळ चढतं.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: लांब टाकीला एका मोठ्या लाईटऐवजी दोन लहान घ्या. माझ्या ३९० आणि ५५ मधली दरी एकाच दिव्यामुळे आहे. आणि नवीन कोरल आणलं की ते आधी तळाशी ठेवा, मग हळूहळू वर न्या. दुसऱ्याच्या टाकीत ते कुठल्या उजेडात होतं, तेही विचारून घ्या.

हॅमरला रंग परत यायला अडीच महिने लागले. एक फांदी गेलीच. मधल्या काळात त्याच विक्रेत्याचा निरोप आला, नवीन मॉडेल आलंय, २०० वॅट. मी पुन्हा तोच प्रश्न पाठवला. वाचल्याची खूण दिसते आहे.

लाईटच्या भिंगावर मिठाचा पातळ थर बसतो, तो दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. मी महिनाभर विसरलो होतो. पुसून मोजलं तेव्हा तोच लाईट, तेवढ्याच टक्क्यांवर, माथ्याला वीस-पंचवीसने जास्त दाखवत होता. मीटर अजून माझ्याकडेच आहे, मित्राचे दोन फोन येऊन गेलेत.