नुसते पास, गोल कधी?

रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक मला, त्यांच्या पोरांच्या फुटबॉल कोचला, एकच प्रश्न विचारतात, कुणी मराठीत, कुणी हिंदीत. "सर, बॉल तर सगळा वेळ आपल्याच पोरांकडे होता, मग हरलो कसे?" इथल्या, म्हणजे इंदूरच्या, रामबागेतल्या एका आजोबांनी तर "अहो, हा फुटबॉल आहे की झिम्मा?" असंच विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

बॉल आपल्याकडे ठेवायचा, तो मुळात समोरच्याला मिळू नये म्हणून. 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनने 7 सामन्यांत केवळ 8 गोल केले, आणि तरी कप नेला. बाद फेरीतले चारही सामने 1-0. सगळ्यांना आठवतो तो फायनलमधला इनिएस्ताचा 116 व्या मिनिटाचा गोल. पण अख्ख्या स्पर्धेत त्यांनी खाल्ले फक्त 2, हे कुणी सांगत नाही. झिम्मा वाटतो तो खेळ, पण ती राखण असते. शिवाय बॉल पळतो तेव्हा आपली पोरं दम खातात आणि समोरची पळतात. एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच ऊन चढतं, तेव्हा हा हिशेब माझ्या बारा वर्षांच्या पोरांनाही कळतो.

आता दुखणं. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये याच स्पेनने कोस्टारिकाला 7 गोल घातले. हजारावर पास, सगळे खूश. आठ दिवसांनी जपानविरुद्धही बॉल त्यांच्याकडेच. जपानच्या वाट्याला जेमतेम 18 टक्के आला, पण हाफटाइमनंतर त्यांनी सहा मिनिटांच्या आत दोन गोल केले आणि सामना 2-1 नेला. पुढे मोरोक्को. पुन्हा हजारावर पास, 120 मिनिटांत गोल शून्य आणि पेनल्टीतही शून्य. मोरोक्कोवाले आपल्या गोलपुढे दाटीवाटीने उभे राहिले आणि स्पेन त्यांच्यासमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे बॉल फिरवत राहिलं. भिंतीला प्रदक्षिणा घातल्याने दार उघडत नाही. पाठीमागच्या मोकळ्या जागेत कुणी धावलंच नाही, तर समोरचाही आपल्याबरोबर दम खातो.

आणि दुसरं, बॉल गेला की काय? गार्डिओला कोच असतानाच्या बार्सिलोना क्लबचे पास सगळ्यांनी उचलले. पण बॉल हातचा गेल्यावर पुढच्या चार-पाच सेकंदांत तिघे-चौघे त्यावर तुटून पडायचे, ते कुणी उचललं नाही. सगळी टीम अर्ध्या रेषेपलीकडे चढलेली असते, मागे सारं रान मोकळं. तिथे एक लांब किक पडली की संपलं. आमची पोरं बॉल गेला की कमरेवर हात ठेवून एकमेकांकडे बघतात. "तुझ्यामुळे गेला." "माझ्यामुळे?" एवढ्यात गोल झालेला असतो.

तसा हा वाद होळकरांच्या गावाला नवा नाही. पानिपतावर भाऊसाहेबांनी सैन्याचा गोल बांधून लढायचं ठरवलं, मल्हाररावांचा कल गनिमी काव्याकडे. तो गोल वेगळा, हे मला माहीत आहे. पण कडेला उभं राहून "लांब मार, लांब मार" ओरडणाऱ्या बापांना मी मनातल्या मनात मल्हाररावांचे शिपाईच म्हणतो.

आता आपल्या मैदानाचं बघा. माळव्याची काळी माती. मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात बुटाला किलोभर चिकटते. युरोपात सामन्याआधी गवतावर पाणी मारतात, बॉल सरसर घसरावा म्हणून. आमच्याकडे परवा लेफ्ट बॅकला साधा सरळ पास आला, ढेकळावर उडाला आणि गुडघ्याला लागला. त्याने घाबरून तो गोलकीपरकडे ढकलला, गोलकीपरच्या पुढ्यात आणखी एक ढेकूळ! दोन्ही गोल आम्ही असेच खाल्ले. त्यात पोराची चूक नाही. अशा जमिनीवर आपल्या गोलपाशी पास खेळवायला लावले, ती माझी चूक. आता आमचा नियम सोपा आहे. मागच्या भागात ढेकळं दिसली की बॉल सरळ पुढे, आणि पलीकडे, जिथे थोडं गवत आहे, तिथे पासचा खेळ.

पण म्हणून पास शिकवणं मी सोडलेलं नाही. मधे दोघं, भोवती सहा जण, हा घेरा आमच्याकडे रोज वीस मिनिटं चालतो. पास येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते बघायची सवय तिथेच लागते. ती एकदा लागली की पोरगं लांब किकही डोळे उघडे ठेवून मारतं. स्पेननेही 2024 चा युरो कप जिंकला तो दोन्ही कडांनी सरळ धावणारे यमाल आणि निको विल्यम्स घेऊन. पहिल्याच सामन्यात बॉल क्रोएशियाकडे जास्त होता, आणि स्कोअर 3-0 स्पेन.

गेल्या रविवारी प्रश्न विचारणाऱ्या एका वडिलांना मी काम दिलं. समोरच्या खेळाडूच्या पाठीमागे जाणारे पास तेवढे मोजा. अर्ध्या सामन्यात त्यांनी पोह्यांच्या कागदावर सात रेघा मारल्या. "फक्त सात?" म्हणाले. त्याआधीच्या सामन्यात मी स्वतः मोजले होते, दोन.