शिकागोत भेटलेला बोकड्या

गेल्या जुलैतली गोष्ट. शिकागोजवळच्या उपनगरांत लोकांच्या बागा सांभाळणाऱ्या तिघांच्या टोळीत मी काम करते. त्या दिवशी ज्या बाईंकडे गेलो त्या ऐंशीच्या पुढच्या. आम्ही गाडीतून उतरेपर्यंत त्या फाटकात येऊन उभ्या. "अवजारं राहू देत. आधी गंमत बघा."

गंमत होती कोनफ्लॉवरच्या ताटव्यात. हे इथल्या गवताळ माळरानांचं मूळचं झाड. थंडीत वरून वाळून जातं आणि वसंतात त्याच गड्ड्यातून पुन्हा फुटतं. पाकळ्या गुलाबी-जांभळ्या, खाली झुकलेल्या, आणि मधोमध नारिंगी बोंड, हात फिरवला तर ब्रशसारखं टोचणारं. ऊन भरपूर आणि पाण्याचा निचरा, एवढंच त्याचं मागणं. खताचे फार लाड केले तर उलट लोळतं.

बाईंच्या ताटव्यातली काही फुलं मात्र चक्क हिरवी होती. बोंडातून बारीक देठ निघालेले, त्यांच्या टोकाला पानांचे इवलेसे गुच्छ, जणू फुलाला पिल्लं झालीत. एक फूल अर्धं गुलाबी, अर्धं हिरवं. "आपोआप नवी जात झाली," बाई खुशीत म्हणाल्या. शेजारणीला शरद ऋतूत त्याच गड्ड्याचा वाटा द्यायचंही कबूल करून बसल्या होत्या. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, कारण 'ग्रीन ज्वेल' नावाचं हिरव्या फुलांचं वाण नर्सरीत खरंच मिळतं. आमच्या मुकादमानेही फोटो काढला.

मला मात्र आमचं सांगलीकडचं वांग्याचं रान आठवलं. सकाळचे नऊ, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात. आबांना फोटो पाठवला. मिनिटभरात फोन आला.

"पोरी, बोकड्या हाय की ह्यो! बघत काय बसलीस, उपट."

वांग्याचा बोकड्या, तिळाचा पर्णगुच्छ आणि बाईंच्या फुलांना झालेला इथला ॲस्टर यलोज, तिन्ही फायटोप्लाझ्माचे रोग. कुळ एक, जाती वेगळ्या. हा सूक्ष्मजीव झाडाच्या अन्नरसवाहिन्यांत राहतो, आणि त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात ते तुडतुडे. इथे ते वसंतात दक्षिणेच्या वाऱ्यावर उडत येतात. रोगट झाडाचा रस प्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तुडतुडा रोग पसरवायला लागतो, मग मरेपर्यंत पसरवतो. गाजर, लेट्यूस, झेंडू धरून 300 हून जास्त जातींच्या झाडांना हा रोग होतो. औषध नाही. हिरवी फुलं तेवढी छाटून भागत नाही, कारण रोग सगळ्या झाडात भिनलेला असतो. आमचा सहकारी कात्री ब्लीचमध्ये बुडवत होता. सवय चांगली आहे, पण हा रोग कात्रीने पसरत नाही.

बाईंना सांगायचं माझ्यावर आलं. त्या ऐकत राहिल्या, मग चष्मा काढून पुसला. "म्हणजे शेजारणीला मी आजार देणार होते," एवढंच बोलल्या.

मी फावडं घेतलं. आबांच्या फोनने अंगात आलंच होतं. एकापाठोपाठ एक पाच गड्डे मुळासकट बाहेर काढले. पाचवा पिशवीत कोंबताना हात थबकला. याची पानं गर्द हिरवी, दांडे सरळ, पाकळ्या नीट गुलाबी. फक्त दोन बोंडांवर हिरवट-जांभळा झुपका, बाकी झाड ठणठणीत. हे काम एका सूक्ष्म कोळ्याचं. तो फुलाच्या आत राहतो, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे बिघडलेली बोंडं कापून कचऱ्यात टाकायची, बस्स. वरवर दोन्ही सारखेच वाटतात. पण पाकळ्यांचा रंग आणि खालची पानं आधी बघायची असतात, हे मला माहीत होतं. घाईत बघितलंच नाही.

भर जुलैच्या उन्हात धडधाकट झाड मी उपटलं होतं. त्याच खड्ड्यात परत लावलं, वीतभर ठेवून वरचं छाटलं, दोन बादल्या पाणी घातलं आणि सावलीला वर एक टोपली पालथी घातली. या जातीच्या मुळ्या तंतुमय असतात, सोटमूळ नसतं, म्हणून आशा होती. मग बाईंकडे जाऊन चूक सांगितली.

"म्हणजे याचं नुसतं डोकं दुखत होतं?" त्या म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

निघताना त्यांनी एक हिरवं फूल मागितलं, फुलदाणीसाठी. तुडतुडा लपलेला नाही ना, म्हणून दोनदा झटकून बघितलं आणि दिलं. घरात फुलदाणीत त्याचा कुणाला उपद्रव नव्हता.

गाडीत मुकादम म्हणाला, "कामाच्या कागदावर पाच झाडं काढली असं लिही."

मी चार लिहिली.