आधी जागा, मग गाडी

"गाडी कुठे लावणार?" जपानमध्ये, नागोयात सेकंडहँड गाडी बघायला गेलो, तर विक्रेत्याने पहिला प्रश्न हाच विचारला. बजेटचं नंतर. दीड लिटरची एक पांढरी टोयोटा आम्ही मनात पक्की केली होती, पण त्याआधी पोलिसांकडून 'शाको शोमेइ' आणायचं होतं. म्हणजे गाडी लावायला स्वतःची किंवा भाड्याची जागा आहे, याचा दाखला. ती जागा घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत हवी. कायदा 1962 चा आहे.

आमच्या इमारतीतल्या सगळ्या जागा गेलेल्या. दोन शनिवार पायपीट केल्यावर एका आजोबांच्या मोकळ्या प्लॉटमध्ये कोपऱ्यातली एक जागा मिळाली. महिना नऊ हजार येन. आजोबांनी टेप आणला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि वाकून मोजायला लागले. लांबी भरली साडेतीन मीटर. टोयोटा 4.4 मीटरची. गाडी रस्त्यावर येईल, संमतीपत्रावर सही देणार नाही म्हणाले. खरं सांगते, मला राग आला. ती गल्ली दिवसभर रिकामी असते! नऊ हजार घरबसल्या मिळत होते, ते या माणसाने तीन फुटांसाठी सोडले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून सुचवलं, केई कार बसेल.

केई म्हणजे पिवळ्या पाटीची छोटी गाडी. इंजिन 660 सीसीपर्यंत, लांबी जास्तीत जास्त 3.4 मीटर. आम्ही वॅगनआर घेतली. ही 1993 मध्ये इथे आली, आपल्याकडे 1999 मध्ये. व्हिडिओ कॉलवर पाटी बघून बाबा काळजीने म्हणाले, "टॅक्सी घेतलीस की काय?"

केईचा रोड टॅक्स वर्षाला 10,800 येन, दीड लिटरवाल्या गाडीचा 30,500. नवी गाडी असेल तर तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी शाकेन, म्हणजे पूर्ण तपासणी. आमचं पहिलं शाकेन झालं तेव्हा त्याचं बिल टोचलं. पण सगळ्यात मोठा खर्च त्या कोपऱ्याचा. वर्षाला 1,08,000 येन, टॅक्सच्या बरोबर दहापट. आणि तरी इथल्या गल्लीतून रुग्णवाहिका न थांबता जाते, हे मी रोज बघते.

मे 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी महाराष्ट्रातही पार्किंगच्या दाखल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा माझ्या भावाने विचारलं, "तुझ्या जपानसारखंच ना?" मी पटकन हो म्हणू शकले नाही. नाशिकला आमच्या वाड्याला कधीच पार्किंग नव्हतं. हा नियम तेव्हा असता तर बाबांनी गाडी घेतलीच नसती, आणि आजीला त्या रात्री दवाखान्यात कशातून नेलं असतं? गाडी गल्लीत उभी असायची, लग्नाची वरात आली की शेजारचे काका येऊन ढकलायचे. जपानने हा कायदा केला तेव्हा नागोयात भुयारी रेल्वे धावत होती. आपण आधी काय दिलं?

बाबांना आता जुनी वॅगनआर देऊन नवी घ्यायची आहे. काल त्यांनी मागच्या अंगणात टेप लावला. विहिरीच्या कठड्यापासून फाटकापर्यंत साडेअकरा फूट. गाडी बारा फुटांची.