आमची वाटचाल : मूठ फिरली तिथून

वडील जालन्याच्या मोंढ्यात खुरपी-विळे विकायचे, मी सुऱ्या करतो. लोकं मला कस्टम नाईफ मेकर म्हणतात आणि भाव करायला बसले की खुरप्याचा भाव सांगतात.

सुरुवातीला पोलाद म्हणजे ट्रकचा कमानपट्टा, भंगारात किलोवर मिळायचा. पाणी झकास घ्यायचा, म्हणजे तापवून बुडवला की कडक व्हायचा, पण जुन्या पट्ट्यात बारीक तडा लपलेला असतो, आणि तो कळतो कधी, तर पातं घडवून, घासून तेलात बुडवलं आणि टिण्ण आवाज आला की. दिवस गेला. आता नवा पट्टाच घेतो, पातळ सुरीला ईएन ३१, म्हणजे बेअरिंगचं पोलाद. लोहचुंबक चिकटायचं थांबलं (७७० अंशाच्या आसपास) की अजून थोडं तापवायचं, मग कोमट तेल, मग २०० अंशाला दोन तास, गार करून परत दोन तास. हे नंतरचं तापवणं आळसानं टाळलं तर पातं काचेसारखं जातं, नव्या पोरांनो, लिहून ठेवा.

पण पोलादावर सगळेच बोलतात. मुठीवर कुणी बोलत नाही, आणि मला बुडवलं ते मुठीनंच.

२०१६ ला मी आणि माझा पार्टनर, दोघांनी मिळून ४० सुऱ्यांची ऑर्डर घेतली, संभाजीनगरच्या एका दुकानाची. मुठीला बाभूळ. लाकूड ओलं होतं, मी म्हणलं वाळू दे, इंचाला वर्ष तरी लागतं, पार्टनर म्हणला पार्टी थांबत नाही. मीही गप बसलो, ती चूक माझीच. एप्रिलचं ऊन लागलं आणि लाकूड आकसलं, पितळी पिना वर आल्या, पोलाद आणि लाकडाच्या मधे नख जाईल इतकी फट. चाळीसच्या चाळीस परत. दुकानदारानं पैसे कापले, पार्टनर महिन्याभरात बेल्ट ग्राइंडर आणि गिऱ्हाइकांची वही घेऊन गेला, बायकोचं मंगळसूत्र सोनाराकडं. तो आता 'डमास्कस' (थर एकत्र घडवून नक्षी आणलेलं पोलाद) म्हणून सुऱ्या विकतो. लेझरनं छापलेली नक्षी हो, पॉलिश पेपरनं घासा, पुसली जाते. खरं असेल तर घासल्यावर परत ॲसिडात बुडवलं की नक्षी वर येते. त्याच्याकडं रांग आहे, असू द्या.

त्या वर्षी दुकानात फक्त चाचा यायचे. त्यांचं मटणाचं दुकान, पहाटे चारला काम सुरू. ते पोलादाचं नाव कधीच विचारत नव्हते, डी २ ची, म्हणजे झिजायला अवघड अशा कडक पोलादाची सुरी दिली तर परत आणली, "दगडावर धार लागंना बेटा." आणि दुसरं म्हणले, "मूठ फिरतीया. हात चरबीचा असतो." माझी मूठ गोल होती, दिसायला देखणी. मग मी त्यांच्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला, म्हणलं दाबा. जो साचा आला तो बघत तासभर बसलो. गोल नाही, अंड्यासारखी, खालून पोट, मागं जरा फुगलेली म्हणजे हात सटकत नाही, पुढं तर्जनीला अडसर. न बघता हात लावला तरी धार कुठं आहे ते कळतं. तिथून माझी मूठ बदलली.

लाकूड आता मोडक्या बैलगाडीचं घेतो, ती बाभूळ आकसायची तेवढी आकसून झालेली असते. वर जवसाचं तेल, चार-पाच हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा. (तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतं. पसरून वाळवा.) खाटकाच्या, मासेवाल्याच्या कामाला मात्र मायकार्टा, जुन्या जीन्सचे तुकडे रेझिनमधे भिजवून शिकंज्यात दाबतो, ओल्या हातात उलट जास्त धरतं. हरणाचं शिंग लावा म्हणून फोन येतात, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे बाबांनो, नाही लावत.

मधली वर्षं बरी गेली, सोनाराकडचंही सुटलं.

परवा चाचा आले, सुरी घासून घासून बोटाएवढी उरलेली. म्हणले, "पातं नवं टाक, मूठ हीच राहू दे." आता फुल टँगला (म्हणजे पात्याचं पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेलं असतं) हे किती किचकट, पिना ड्रिल करून काढायच्या, गरम करून चिकटवलेलं सोडवायचं, त्यात मूठ चिरायची भीती. नवी मूठ दहापट सोपी. समजावलं, ऐकेनात. सुरी शिकंज्यात लावून ठेवलीय, आज एक पिन निघाली.