आम्लाविना फिक्सर: साध्या हायपोची आतापर्यंतची नोंद

फिक्सर म्हणजे फिल्म-प्रिंटमध्ये उरलेले चांदीचे क्षार काढून टाकणारं द्रावण. रेडीमेड ॲसिड (आम्लवाला) फिक्सर बंद करून साध्या हायपोवर (म्हणजे सोडियम थायोसल्फेटवर) आलोय आणि परत जायचा विचार नाही. माझी डार्करूम म्हणजे बाथरूम. सल्फर डायऑक्साइडचा नाकात जाणारा तो वास गेला, एवढं कारणही मला पुरे.

सध्याचं माप: ७५० मिली कोमट पाणी, १० ग्रॅम सोडियम सल्फाइट, मग २५० ग्रॅम सोडियम थायोसल्फेटचे खडे (पेंटाहायड्रेट, फिश टँकवाले क्लोरीन मारायला वापरतात तेच), वरून पाणी घालून एक लिटर. पाणी कोमटच हवं. हे खडे विरघळताना उष्णता ओढून घेतात, भांडं हाताला गारठल्यासारखं लागतं आणि मुळात गार पाणी घेतलं तर तळाचा ढीग हलता हलत नाही.

सल्फाइट कशाला? थायोसल्फ्युरिक आम्ल पाण्यात टिकतच नाही. हायपोत आम्ल गेलं की ते तयार होतं न होतं तोच फुटतं; गंधक आणि सल्फर डायऑक्साइड वेगळे होतात. खिडकी उघडी ठेवून नुसत्या हायपोत पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पाहिलं: आधी काहीच नाही, मग निळसर धुकं, मग सगळं पिवळट गढूळ. फिल्मवर हा गंधक कोणाला हवाय! सल्फाइट ही फूट लांबवतं. शिवाय मी ॲसिटिक स्टॉप बाथही (डेव्हलपरचं काम थांबवणारं आम्लाचं पाणी) काढून टाकला. डेव्हलपरनंतर (चित्र उमटवणारं रसायन) दोन-तीनदा साधं पाणी बदलतो.

वेग मात्र कमी, हे मान्य. फिल्मचा तुकडा बुडवून दुधाळपणा जायला किती वेळ लागतो ते बघायचं आणि त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करायचं. ताज्या द्रावणापेक्षा हा वेळ दुप्पट झाला की द्रावण बाद.

फायबर पेपरला (प्लॅस्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) मी फिक्सरचे दोन ट्रे वापरतो. थायोसल्फेट मुबलक असेल तर चांदीच्या एका आयनाला दोन-दोन थायोसल्फेट धरतात आणि ते संयुग पाण्यात सहज निघून जातं. द्रावण थकलं की अर्धवट, कमी विरघळणारी संयुगं कागदातच अडकतात आणि पुढे प्रिंट पिवळी-तपकिरी पडते. दुसरा ताजा ट्रे त्यासाठी. (चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे जॉन हर्शेलने १८१९ मध्येच नोंदवलं होतं, फोटोग्राफी जाहीर व्हायच्या वीस वर्षं आधी.)

वापरलेला फिक्सर मोरीत ओतत नाही, कॅनमध्ये साठवतोय. त्यात स्टील वूल टाकून चांदी खाली बसवायची, हे पुढचं काम.