हो मॅडम

आज नववी 'ब'मध्ये फळ्यावर नुसता चौरस काढला होता. तोंडातून शब्दही निघाला नव्हता, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "हो मॅडम." वर्ग हसला, मीही हसले. पण पोवई नाक्यावर उतरेपर्यंत ते 'हो' डोक्यातून जाईना. काय कळलं होतं त्याला? मी आता "कळलं का?" म्हणणार, एवढंच. आणि ते बरोबर होतं.

दादाचा फोन आला होता, उचलला नाही.

संध्याकाळी प्लेटोचा 'मेनो' हा संवाद काढून बसले. बीएडला सॉक्रेटिसच्या प्रश्नोत्तर पद्धतीवर टीप पाठ केली होती, संवाद कधी वाचला नव्हता. त्यात सॉक्रेटिस मेनो नावाच्या माणसाच्या एका गुलाम पोराला बोलावतो. भूमिती कधी न शिकलेल्या. दोन फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ 4. आता 8चा कर. पोरगं ठणकावून सांगतं, बाजू दुप्पट. झाले 16. मग म्हणतं, तीन फूट. झाले 9. तेव्हा ते झ्यूसची शपथ घेऊन म्हणतं, मला माहीत नाही. आणि सॉक्रेटिस खूश! कळत नाही हे आता त्याला कळलं, म्हणतो, आता तो शोधेल.

पुढे म्हणे मी काही शिकवलं नाही, त्याच्या आत्म्याला जे ठाऊक होतं तेच त्याला आठवलं. हे काही पटत नाही. कर्णावर चौरस काढला की 8 होतात, पण तो कर्ण पुढे आणला कुणी? सॉक्रेटिसनेच. आणि त्यानंतर पोरगं बहुतेक 'हो'च म्हणत सुटतं. तिथेही हो!

पण ते 'माहीत नाही'. माझ्या वर्गात अठरा वर्षांत कुणी म्हटलंय? आठवत नाही. म्हणणार तरी कधी? मी "कळलं का?" म्हणते आणि त्याच दमात डस्टर उचलते. म्हणजे भूमिती राहिली बाजूला, मी पोरांना हो म्हणायला शिकवलं. आईपाशी हे बोलले तर म्हणाली, "भाकरी गार होतीय."

जेवताना आठवलं. दुपारी मीटिंगमध्ये नवीन ऑनलाइन फॉर्म भराभरा दाखवून झाला, "समजलं ना सगळ्यांना?" आणि सगळ्यांत आधी "हो सर" मीच म्हणाले होते. ओ का ठो कळलं नव्हतं.

फॉर्म अजून उघडलेला नाही. शनिवारपर्यंत भरायचाय. उद्या त्या मागच्या बाकावरच्यालाच विचारावं म्हणते, मोबाईलमधलं त्याला बरं कळतं.